हिराबाईची दुपारची पोपटी

हिराबाईवर लिहा, असं लोक मला गेली कित्येक वर्षं सांगत आले. शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला, पेणच्या एका दिवाळी अंकानेही मागितला. प्रत्येक वेळी मी डोळ्यांचं कारण पुढे केलं. डोळे तेव्हा उत्तम होते. हिराबाईबद्दल लिहायचं तर आधी एका वर्गातल्या एका सकाळबद्दल लिहावं लागणार होतं, आणि ते मला नको होतं. आता ऐंशी ओलांडली. डोळे खरोखरच गेलेत, नात समोर बसून लिहून घेते आहे. मी गेलो की मागे उरेल ती माझ्या सत्काराची बातमी, आणि ती बातमी खोटी आहे.

मी राहायला पेणला, रामवाडीत. नोकरी रोह्याच्या शाळेत. रोज एसटीने जाऊन येऊन. हिराबाई रोह्याच्या स्टँडबाहेर बसायची. थंडीत वालाच्या शेंगा, उन्हाळ्यात पांढऱ्या कांद्याच्या माळा आणि बाराही महिने जाडं मीठ. आखूड नेसलेलं लुगडं, काटक अंग आणि आवाज असा की फलाटावरचा भोंगा लाजेल. माहेर वडखळजवळच्या खाडीकाठचं, आईबाप मिठागरावर राबणारे. "आमच्याकडं या बांधावरनं त्या बांधावर बोलायचं तर वरडावंच लागतं, सर. हळू बोलायला शिकवलंच नाय कोनी," असं ती सांगायची. लग्न करून रोह्याजवळच्या वरशाला आली. नवरा कंपनीत शिफ्टवर, मुलगा किशोर माझ्या वर्गात.

तिचा तराजू नेहमी खाली झुकलेला असे. माप पुरं झालं की ती वर एक मूठ टाकायची. एकदा मी म्हटलं, "अहो, नुकसान होईल तुमचं."

"ही मूठ तुमची नाय सर, माज्या समाधानाची हाय. तुमी नुसती पिशवी धरा."

आता ती सकाळ.

आमच्या शाळेत सातवीपर्यंतची मुलं पट्ट्यांवर, जमिनीवर बसत. हजेरी घेताना नाव पुकारलं की मुलाने उभं राहून 'हजर' म्हणायचं, हा माझा नियम होता. शिस्तीचा मास्तर म्हणून माझं नाव होतं आणि ते मला आवडत असे. किशोर उठायला वेळ लावायचा. आधी ओणवा व्हायचा, दोन्ही हात जमिनीवर टेकायचे, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असं स्वतःच्याच पायांवर हाताने चढत चढत तो सरळ उभा राहायचा. तोवर मी पुढची दोन नावं पुकारलेली असत. मला वाटायचं, पोरगा आळशी आहे, नाटकं करतो.

त्या दिवशी मी हजेरीपट मिटला, चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "उठा आजोबा, उठा! काठी आणून देऊ का?"

वर्ग हसला. खूप हसला. मलाही हसू आलं, कारण विनोद साधला होता.

मधल्या सुट्टीपर्यंत ते नाव शाळाभर झालं. मैदानावर, नळापाशी, जिन्यावर, जिथे तिथे 'आजोबा'. जिन्यावर मुलं त्याची नक्कल करत मागून चढायची. पंधरा दिवसांत किशोर शाळेत येईनासा झाला.

हिराबाई शाळेत आली. टोपली बाहेर ठेवून, पदर खोचून, शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"सर, पोरगा शाळंत जायचं नाव काढलं की रडतो. कोनी मारलं का त्याला?"

मी म्हणालो, "नाही हो. मारलं नाही कुणी."

ते खरं होतं. मारलं नव्हतं कुणीच. ती म्हणाली, "मंग बरं," आणि जाताना माझ्या टेबलावर मूठभर शेंगा ठेवून गेली.

काही महिन्यांनी ती त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं की हा स्नायूंचा आजार जन्मापासूनच रक्तात लिहिलेला असतो, फार थोड्या मुलांना होतो, आणि हळूहळू पाय जातात, मग हात. औषधाने बरा होत नाही, पण व्यायाम, तपासणी आणि नीट काळजी घेतली तर मूल अधिक वर्षं आणि अधिक चांगलं जगतं. ती परत आल्यावर स्टँडवर मला हे सगळं सांगत होती. मी शेंगांची पिशवी हातात धरून उभा होतो आणि माझी एसटी निघून गेली होती. "त्या उठण्यावरनंच डाक्तरांनी वळखलं सर. म्हनाले, याला खाली बसवा नि उठवा. तो उठला, तशी त्यांनी मान खाली घातली."

जे त्या डॉक्टरांनी एका उठण्यात ओळखलं, ते मी वर्षभर रोज सकाळी पाहत होतो.

त्याच फेरीत तिला इस्पितळाच्या बाकावर एक बाई भेटली. तिचाही मुलगा तसाच, बापाच्या पाठीवर चादरीत गुंडाळलेला. गाव कुठलं म्हणून विचारलं तर पेणच्या पलीकडचं निघालं. "अगो, वडखळच्या थांब्यावर आपन दोघी गाडी बदलतो," हिराबाई तिला म्हणाली, "नि वळख व्हायला मुंबई गाठावी लागली?" चादर कशाला, असं विचारलं तर ती बाई म्हणाली, गावाने पाहू नये म्हणून. लोक आईच्या रक्ताला नावं ठेवतात.

हिराबाईने तिथेच ठरवलं की अशी आणखी घरं असणार. आणि गाडी पाहिजे. मोठ्या होत चाललेल्या मुलांना पाठीवरून एसटीत चढवायचं, गर्दीत उभ्याने मुंबई गाठायची, हे एक-दोन वर्षं जमतं, पुढे आईबापाची पाठ मोडते आणि तपासणी सुटते. फळी लावून चाकाची खुर्ची थेट आत ढकलता येईल अशी गाडी. महिन्यातून एकदा इस्पितळात, आणि बाकीचे दिवस शाळेत.

मी मदत करतो म्हणालो. का म्हणालो, ते तिला कळलं नाही. तिला वाटलं, सर भला माणूस.

घरं शोधायला ती टोपली घेऊनच जायची. एकदा तिने मला गाठलं, "सर, तुमच्या रामवाडीत एक पोरगा हाय म्हनं." मी ठामपणे सांगितलं, आमच्या आळीत असं कुणी नाही. ती मला घेऊन थेट माझ्या शेजारच्या वकिलांच्या ओटीवर गेली. वकीलीणबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडे लहान मूलच नाही. हिराबाईने टोपली उतरवली, फतकल मारून बसली आणि खाडीच्या त्या आवाजात सुरू झाली, "शेंगा घ्या गो बाय, वालाच्या शेंगा! कोवळ्या हायत, गोड हायत, भाजल्या तर लोण्यासारख्या!"

आतल्या खोलीतून आवाज आला, "आई, घे ना शेंगा."

वकीलीणबाई खांबाला धरून खाली बसल्या. हिराबाईने सगळी टोपली त्यांच्या ओटीवर पालथी केली आणि त्यांच्याजवळ सरकून शेंगा निवडू लागली. निवडता निवडता म्हणाली, "मडकं उघडल्याबिगर वास येत नाय, बाय. लोकांना कळलंच नाय तर मदत कोन करनार?" नऊ वर्षं मी त्या घराच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो.

तिच्या स्वतःच्या घरासकट पेण-रोह्याकडची सात घरं अशी उघडली. पुढे वकीलीणबाईंनी रीतसर संस्था नोंदवून दिली आणि सगळा व्यवहार सांभाळला, इतका चोख की कधी कुणाला बोट दाखवायला जागा मिळाली नाही.

मदतीचं आवाहन मात्र मी लिहिलं. 'दुर्मीळ जनुकीय व्याधीने ग्रस्त बालकांच्या पुनर्वसनार्थ' अशी त्याची सुरुवात होती. कंपन्यांना पाठवलं, पुढाऱ्यांना पाठवलं. एका कंपनीकडून भिंतीवरचं कॅलेंडर आलं. हिराबाईने ते पत्र किशोरकडून वाचून घेतलं आणि मला म्हणाली, "सर, रागावू नका, पन हे वाचून मी सोता एक पैसा दिला नसता. लोकांना वाटंल सरकारी नोटीस आली."

"मग काय करायचं?"

"पोपटी लावायची."

आमच्याकडे थंडीत पोपटी कशी लावतात ते या भागाबाहेरच्यांना सांगायला हवं. मडक्यात भांबुर्डी या रानझुडपाचा वासाचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, अंडी, बटाटे, कोंबडी. तोंडाला पुन्हा पाला कोंबायचा, मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. पाणी नाही, तेल नाही. मडक्यावर पाण्याचा हात मारला आणि चर्र झालं की समजायचं, शिजली. पोपटी लावायची ती अंधार पडल्यावर, असा रिवाज. हिराबाईने ती दुपारी चारला लावायची ठरवली. म्हातारे चिडले, दुपारची पोपटी कधी कुणी ऐकली का? ती म्हणाली, "रातीला माजी पोरं दमतात. पोपटी पोरांसाठी हाय, चांदन्यांसाठी नाय." तिकीट नव्हतं. या, जेवा, द्यावंसं वाटलं तर द्या.

वरशाच्या एका मोकळ्या शेतात पहिली पोपटी लागली. पन्नासेक माणसं आली असतील. जाळ पेटला तशी ती मधोमध उभी राहिली. मला वाटलं, आता आजाराविषयी बोलेल. मी चार मुद्दे लिहूनही दिले होते. ती म्हणाली, "सगळ्यांनी खाली बसा. ढेकळावर बसा, कपडं धुता येतात." सगळे बसले. "आता उठा. पन पायांत जोर नाय असं समजा. हात लावा जमिनीला. आता गुडघ्याला. आता मांडीला. चढा आपल्याच पायावर."

लोक आधी हसले. मग हसणं थांबलं. कुणी अर्ध्यातच धपकन बसला, कुणाला मध्येच कळलं. पन्नास माणसं शेतात ओणवी झालेली, स्वतःच्या मांड्या धरून वर येत होती, आणि समोर खुर्चीत सात मुलं ते बघत होती. किशोर टाळ्या वाजवत म्हणाला, "भाऊ, तुमचा डावा हात चुकला!"

मी बसलो नव्हतो. मी जाळात काटक्या सारत होतो. ज्या हालचालीला मी हसलो होतो, तीच तिने सगळ्यांना हसतखेळत शिकवली, आणि त्या संध्याकाळी माझ्या पत्राने वर्षभरात आणलं नव्हतं तेवढं जमलं.

पुढच्या थंडीची पत्रं लिहायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. आता पत्रं साधी असत, ती सांगायची आणि मी लिहायचो. चहा ठेवायला ती आत गेली तेव्हा किशोर हळूच म्हणाला, "सर, मी आईला सांगितलं नाही."

मी कागदावरून वर पाहिलं.

"शाळेत मला पहिल्यांदा कोण काय म्हणालं ते. ती फार विचारायची. पण मग तुम्ही पत्रं लिहायला यायला लागलात." त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. "तिला कळलं तर ती तुमच्याकडून लिहून घेणार नाही. तापट आहे ती. गाडी येऊ दे. मग तुम्हीच सांगा."

तेरा वर्षांचा मुलगा. मी त्याला 'चुकलं माझं' म्हणायला हवं होतं. आतून कपबशांचा आवाज येत होता. मी म्हणालो, "बरं."

त्या थंडीची पोपटी मोठी झाली. शंभरावर मडकी. कंपन्यांचे लोक कुटुंबासकट आले, त्यात तिच्या नवऱ्याच्या कंपनीचे एक मोठे साहेब होते, मूळचे इकडचे नव्हते, कडक शाकाहारी. त्यांच्यासारख्यांसाठी हिराबाईने निराळी मडकी भरून त्यांवर चुन्याची बोटं ओढली होती. आणि जन्मभर पोपटी लावलेल्या त्या बाईला एवढं सुचलं नाही की जाळात चुना राहत नाही! मडकी बाहेर काढली तर सगळी सारखीच काळीकुट्ट. साहेब पत्रावळ घेऊन उभे, त्यांच्या पत्नी तोंडाला पदर लावून उभ्या. तिचा नवरा म्हणाला, "बस आता. घाल साहेबांना कोंबडी, नि पाठव मला घरी."

"गप रे तू," ती म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता.

तेवढ्यात किशोर म्हणाला, "आई, मला मडक्यांपाशी ने."

तिने खुर्ची ढेकळांतून ढकलली. तो एकेका मडक्यापाशी वाकायचा, पाल्याच्या बुचाशी नाक न्यायचा आणि सांगायचा, "कोंबडी. कोंबडी. अंडी. हं, हे नुसत्या शेंगांचं." शंभर मडक्यांतून त्याने शाकाहारी मडकी वेगळी काढली. लोक भोवती गोळा झाले होते, प्रत्येक मडकं उघडलं की गलका होत होता. एकही चुकलं नाही. शेवटचं मडकं उघडलं तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली आणि साहेबांनी पुढे होऊन त्याचा काळा झालेला हात हातात घेतला. म्हणाले, "बेटा, तूने मेरा धरम बचाया."

हिराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "उघडल्याबिगर वास येत नाय म्हनत होते मी. माजी म्हन पोरानं खोटी पाडली!" असं हसताना मी तिला पुन्हा क्वचितच पाहिलं.

साहेबांनी कंपनीकडून गाडीचा मोठा वाटा मिळवून दिला, उरलेला त्या शेतातल्या माणसांचा. गाडी जुनीच होती, पण पेणच्या एका वेल्डरने मागे लोखंडी फळी बसवून दिली आणि मजुरी घेतली नाही. मागच्या बाजूला काय रंगवायचं यावर बराच वाद झाला. देवांची नावं सुचवली गेली, साहेबांचंही सुचवलं. हिराबाईने रंगाऱ्याला सांगितलं, "लिही, 'घाई नाय'." महामार्गावरचे ट्रकवाले ते वाचून हॉर्न द्यायचे. रस्ता तेव्हाही खोदलेलाच असे, त्यामुळे घाई करायची सोयही नव्हती.

पहिल्या दिवशी गाडीने सातही मुलांची घरं घेतली. वकिलांच्या दारातून त्यांचा मुलगा भर सकाळी, सगळ्या आळीदेखत, चादरीशिवाय निघाला. वकीलीणबाई फाटकात उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "माझा मुलगा. शाळेत चाललाय." रोह्याच्या शाळेसमोर फळी उघडली आणि किशोर खुर्चीसकट खाली उतरला. मी हजेरी घेतली. मुलांना उभं करायचं मी केव्हाच बंद केलं होतं, कारण कुणाला सांगितलं नव्हतं. त्याचं नाव पुकारलं. "हजर," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. गाडी आली होती. फाटकाबाहेर हिराबाई फळीवर बसून येईल त्याला शेंगा वाटत होती. वर्गापासून पन्नास पावलांवर. मी पुढचं नाव पुकारलं.

त्याने मला पुन्हा कधीही आठवण करून दिली नाही. दहावी झाला, बारावी झाला, संस्थेचा फोन तोच सांभाळायचा. नव्याने आजार कळलेल्या आयांशी तासन्‌तास बोलायचा. तिशीच्या अलीकडेच गेला. डॉक्टरांनी सुरुवातीला सांगितलं होतं त्यापेक्षा बरीच वर्षं जास्त जगला, आणि ती वर्षं त्याने माणसांत काढली. त्या थंडीत पोपटी लागणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. हिराबाईने लावली. दुपारी चारला.

माझा सत्कार किशोर जाण्याच्या आधीचा, पेणला. अध्यक्ष म्हणाले, सरांच्या प्रेरणेतून हे कार्य उभं राहिलं, एका अशिक्षित माउलीला सरांनी वाट दाखवली. शाल, श्रीफळ, टाळ्या. मी हात जोडले आणि 'हे माझं नाही' असं म्हटलं, पण अशा सुरात की लोकांना तो विनय वाटावा. तसाच तो छापूनही आला. हिराबाई तिसऱ्या रांगेत बसून सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत होती. नंतर शालीचा पोत बघून म्हणाली, "चांगली उबदार हाय. पोपटीला पांघरून या." म्हणून इथे स्पष्ट नोंदवतो: घरं तिने शोधली, पोपटी तिची, गाडी तिची. मी पत्रं लिहिली, आणि जी बरी होती ती तिने सांगितलेली.

तिला मी शेवटचं पाहिलं तेही वरशाच्या शेतातच. दुसरी गाडी आली होती, नवीकोरी. मुलं आता सातांची वीस झाली होती, पार कर्जत-महाडकडून येत. हिराबाई वाकली होती, आवाज तसाच होता. तिने सगळ्यांना खाली बसवलं. इतकी वर्षं मी जाळाशी उभा राहून सुटलो होतो, त्या दिवशी मीही बसलो. उठा म्हणाली. मला उठता येईना. वयाने खरंच येईना. हात जमिनीवर टेकले, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर. ती चालत माझ्यापाशी आली आणि दंडाला धरून म्हणाली, "सर, घाई नाय. सावकाश."

मी उभा राहिलो. तिचा हात माझ्या दंडावरच होता. मी म्हणालो, "हिराबाई, किशोर शाळा सोडून घरी बसला होता ना..."

"सर, मडकी करपतील," ती म्हणाली. "पाण्याचा हात मारते, मंग बोलू."

चर्र आवाज झाला, लोक मडक्यांभोवती जमले. मग ताटं, मग मुलांना घरी पोचवायची वेळ. ती पुढच्या सीटवर बसली, खिडकीतून माझ्या हातात शेंगांची पुडी ठेवली, वर आणखी एक मूठ टाकली. गाडी ढेकळांतून डुलत रस्त्याला लागली. श्रावणात तिच्या जाण्याचा निरोप आला.

हिराबाई, तुम्ही विचारलं होतं कुणी मारलं का. मारलं नव्हतं कुणी. पण पहिला हसलो तो मी. ते नाव मी ठेवलं. माझं चुकलं.